इंजिनिअरिंग मॅथ्सचा ऑनलाइन गृहपाठ: दरवर्षी पुन्हा वापरता येईल असा कसा बांधायचा?

मुलुंड_पूर्व:
नमस्कार. मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फर्स्ट आणि सेकंड इयरला मॅथ्स शिकवते. टर्म वर्कच्या मार्कांसाठी ट्युटोरियलच्या वह्या तपासाव्या लागतात. प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे: एकाने सोडवायचं, फोटो ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी लोकलमध्ये बसून उतरवायचं. गठ्ठे तपासून होतात, पण कुणाला नेमकं काय अडतंय ते मला सेमिस्टर संपेपर्यंत कळत नाही. म्हणून आता गृहपाठ ऑनलाइन करायचं विभागात ठरलंय, प्रत्येकाला वेगळ्या आकड्यांचं गणित.

कॉलेजात मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) आहे. अडचण अशी की आमच्या विषयाचे निम्मे शिक्षक सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असतात आणि दरवर्षी बदलतात. आधीच्या एका सरांनी खूप खपून क्विझ बनवल्या होत्या. ते गेल्यावर त्या कुणालाच नीट उघडून दुरुस्त करता आल्या नाहीत. त्यात अभ्यासक्रमही बदलत राहतो. मी नसताना दुसऱ्या कुणालाही चालवता येईल असा कोर्स बांधायचाय. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि सुरुवात कुठून करावी?

अव्यक्त_राशी:
मॅडम, सॉफ्टवेअरबद्दल इतर लोक सांगतीलच. मी रचनेबद्दल सांगतो, कारण पुन्हा वापरता येणं न येणं तिथेच ठरतं.

तीन थर वेगळे ठेवा. पहिला प्रश्नसंचय. दुसरा मूळ कोर्स, ज्यात एकही विद्यार्थी कधीच नोंदवायचा नाही. तिसरी त्याची दरवर्षीची प्रत, जिच्यात मुलं आणि तारखा असतात. चूक सापडली की ती मुळात सुधारायची, नाहीतर पुढच्या वर्षी तीच चूक नव्या बॅचसमोर येते. प्रश्नाच्या मजकुरात तारीख, शिक्षकाचं नाव किंवा ‘काल वर्गात पाहिल्याप्रमाणे’ असलं काही येऊ देऊ नका. आणि प्रश्नांना ‘मॉड्यूल ३’ असं नाव कधीही देऊ नका. ‘मॅट्रिसेस, आयगेन व्हॅल्यू, २×२, भिन्न मूल्यं’ असं विषयावरून द्या. विद्यापीठाने मॉड्यूल इकडचं तिकडे केलं तरी आयगेन व्हॅल्यू आयगेन व्हॅल्यूच राहते.

आता आकड्यांबद्दल. संगणकाला ‘१ ते ९ मधला कुठलाही आकडा घे’ सांगून मोकळं झालं की एकाला सोपं पूर्णांकी उत्तर येतं आणि शेजारच्याला वर्गमुळांचं जंगल. म्हणून उत्तराकडून मागे या. आयगेन व्हॅल्यूचंच घ्या. डी या डायगोनल मॅट्रिक्समध्ये २ आणि ५ या हव्या त्या आयगेन व्हॅल्यू ठेवा. पी मॅट्रिक्सच्या ओळी (१, १) आणि (१, २) घ्या. तिचा डिटर्मिनंट १ आहे, त्यामुळे इनव्हर्ससुद्धा पूर्णांकातच येतो. पी, डी आणि पी-इनव्हर्सचा गुणाकार केला की ओळी येतात (−१, ३) आणि (−६, ८). पडताळून बघा: ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) ७ म्हणजे २ + ५, डिटर्मिनंट १० म्हणजे २ × ५. अशा किती तरी मॅट्रिसेस बनवता येतात आणि प्रत्येकाला काम सारखंच पडतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. काही आकडे चूक लपवतात. साइन(कएक्स) चं डेरिव्हेटिव्ह विचारलं आणि क = १ आला, तर चेन रूल विसरलेल्या मुलालाही पूर्ण मार्क. २ तर फारच फसवा: दोन अधिक दोन, दोन गुणिले दोन आणि दोनाचा वर्ग, तिन्हींचं उत्तर ४. म्हणून प्रत्येक प्रश्नाआधी कागदावर लिहा की इथे मुलं कोणत्या चुका करतात, आणि चुकीचं उत्तर बरोबर उत्तराशी जुळेल असे आकडे वगळा. ही यादी तुमच्याकडे तयार आहे. इतकी वर्षं वह्या तपासल्यात ना! तीच पुढे फीडबॅक म्हणून वापरा. साइन(३एक्स) साठी कुणी नुसतं कॉस(३एक्स) लिहिलं, तर ‘चूक’ एवढंच न दाखवता ‘आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह घेतलंत का?’ असं विचारता आलं पाहिजे.

सर्व्हरखोली:
मूडल आहे तर स्टॅक हे गणिताच्या ऑनलाइन प्रश्नांचं सॉफ्टवेअर बघा. एडिनबरा विद्यापीठाचे ख्रिस सँगविन यांनी ते बर्मिंगहॅमला असताना २००४ च्या सुमारास सुरू केलं. फुकट आहे, मूडलमध्ये प्रश्नप्रकार म्हणून बसतं. उत्तर तपासायला मागे मॅक्सिमा ही बीजगणिती प्रणाली चालते, म्हणून मुलाने उत्तर वेगळ्या रूपात लिहिलं तरी चालतं. मात्र सर्व्हरवर मॅक्सिमा बसवावं लागतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ते जमत नाही, तेव्हा आधी सिस्टिमवाल्यांशी बोला.

तेवढं नसेल तर न्यूकॅसल विद्यापीठाचं नंबास. ते विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्येच चालतं आणि स्कॉर्म पॅकेज (ऑनलाइन कोर्समध्ये टाकता येणारी तयार फाइल) करून मूडलमध्ये टाकता येतं. उत्तरांची तपासणीही ब्राउझरमध्येच होत असल्यामुळे गृहपाठापुरतं ठेवा, परीक्षेला नको.

वेबवर्क हे तसंच आणखी एक सॉफ्टवेअर रॉचेस्टर विद्यापीठात ९० च्या दशकात सुरू झालं. त्याच्या खुल्या संचयात हजारो तयार प्रश्न आहेत, पण नवा प्रश्न लिहायचा तर पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागते. तुमच्या सीएचबीवाल्यांवर तो बोजा नको. मायओपनमॅथ या वेबसाइटवर पूर्ण कोर्सची प्रत काढून सगळ्या तारखा एकदम पुढे सरकवता येतात, सर्व्हरही आपला लागत नाही. फक्त विद्यार्थ्यांची माहिती बाहेर जाते, त्याला कॉलेजची परवानगी आहे का ते विचारा.

मूडलमध्ये बॅकअप घेताना वापरकर्त्यांची माहिती वगळा. रिस्टोअर करताना कोर्सची नवी सुरुवातीची तारीख दिली की आतल्या मुदती त्या हिशेबाने सरकतात.

शेवटचा_बाक:
मी विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलतो, टीवायला आहे. आमच्यातले बरेच जण हे सगळं फोनवर करतात, बदलापूर किंवा विरारच्या गाडीत उभ्याने. अपूर्णांकात अपूर्णांक असलेलं उत्तर फोनवर टाइप करताना कंस सुटतो आणि गणित येत असूनही मार्क जातात. कृपया मोठी उत्तरं लहान पायऱ्यांत मागा. सबमिट करण्याआधी ‘तुम्ही हे लिहिलंय’ असं गणिती रूपात दिसलं तर खूप फरक पडतो.

आणि मुदत रात्री १२ ची ठेवू नका. शेवटच्या तासात सगळे एकदम येतात आणि साइट बसते.

सर्व्हरखोली:
@शेवटचा_बाक, तू म्हणतोस ते स्टॅकमध्ये आहे. टाइप केलेलं गणित खाली छापील रूपात दिसतं, आणि वाक्यरचनेची चूक असेल तर ती मार्क न कापता आधी सांगितली जाते.

मुलुंड_पूर्व:
सगळ्यांचे मनापासून आभार. @अव्यक्त_राशी, चूक लपवणाऱ्या आकड्यांचा मुद्दा मी आजच विभागाच्या ग्रुपवर टाकला. दोन शंका. इंटिग्रेशनमध्ये उत्तरं दिसायला इतकी वेगळी येतात, ती कशी तपासायची? आणि फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आहेत, त्यांचं काय?

अव्यक्त_राशी:
इंटिग्रेशनला उत्तराशी उत्तर जुळवायचंच नाही. साइन एक्स गुणिले कॉस एक्स घ्या. कुणी साइन वर्ग एक्स भागिले २ लिहील, कुणी उणे कॉस वर्ग एक्स भागिले २, कुणी उणे कॉस दोनएक्स भागिले ४. तिन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा. म्हणून विद्यार्थ्याच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन ते मूळ फंक्शनशी जुळवायचं, आणि ‘अधिक सी’ वेगळं तपासायचं. स्टॅकमध्ये त्यासाठी तयार चाचणी आहे. आयगेन व्हेक्टरचंही तसंच. त्याची कुठलीही शून्येतर पट चालते, तेव्हा मॅट्रिक्सने गुणून बघायचं आणि शून्य व्हेक्टर तेवढा नाकारायचा.

ॲप्सना सॉफ्टवेअरने अडवता येणार नाही. गृहपाठाला टर्म वर्कमधला लहानसा वाटा द्या आणि प्रयत्न भरपूर ठेवा, म्हणजे उतरवण्यात फायदा उरत नाही. मग ट्युटोरियलच्या तासाला त्याच संचयातला एक प्रश्न, नव्या आकड्यांनी, वहीत हाताने सोडवायला द्या. काही प्रश्न उलटे करा: ‘२ आणि ५ या आयगेन व्हॅल्यू असलेली, डायगोनल नसलेली मॅट्रिक्स द्या.’ उत्तरं अगणित, तपासणी सोपी, आणि मुलाला विचार करावाच लागतो. वह्या पूर्ण बंद मात्र करू नका. युक्तिवाद मांडायला मूल कागदावरच शिकतं, आणि विद्यापीठाची परीक्षाही कागदावरच आहे.

घातांक:
कोर्स दुसऱ्याच्या हातात टिकायचा असेल तर प्रत्येक प्रश्नासोबत एक टीप हवी: हा प्रश्न कशासाठी, आकडे असेच का घेतले, कोणते वगळले, कोणत्या चुकीला कोणता फीडबॅक. स्टॅकमध्ये प्रश्नाला अशी टीप जोडता येते. शिवाय चाचण्याही जोडता येतात: अमुक उत्तर दिलं तर पूर्ण मार्क, अमुक दिलं तर निम्मे. पुढच्या वर्षी कुणी काही बदललं की चाचण्या पुन्हा चालवायच्या, बिघडलेलं लगेच दिसतं. सीएचबीवर नुकत्याच आलेल्या शिक्षकाला या चाचण्यांचा मोठा आधार होतो. नाहीतर तो बिचारा घाबरून हातच लावत नाही.

संपूर्ण संचय एका झटक्यात करायला जाऊ नका. फर्स्ट इयरच्या मॅट्रिसेस आणि सेकंड इयरचं लाप्लास ट्रान्सफॉर्म, एवढ्यावर एक सेमिस्टर चालवा. ज्या प्रश्नावर सगळे अडकतात तो एकदा तपासा, बरेचदा प्रश्नाचीच भाषा क्लिष्ट असते. वेबवर्कच्या संचयातून कल्पना उचलणार असाल तर परवाना वाचा: श्रेय द्यावं लागतं आणि विकता येत नाही.

मुलुंड_पूर्व:
मॅट्रिसेस आणि लाप्लासपासूनच सुरू करते. सिस्टिमवाल्यांना मॅक्सिमाबद्दल विचारलंय, बघतो म्हणाले. मूळ कोर्सचे हक्क कुणाकडे ठेवावेत? माझ्या एकटीच्या लॉगिनवर नको वाटतंय.

सर्व्हरखोली:
विभागाच्या नावाने एक खातं करा आणि निदान दोन कायम शिक्षकांना मूळ कोर्सवर संपादनाचे हक्क द्या. सीएचबीवाल्यांना वर्षाच्या प्रतीवर पूर्ण हक्क, मुळावर फक्त बघण्याचा. त्यांना सापडलेल्या चुका एका सामायिक शीटमध्ये लिहू द्या आणि सेमिस्टर संपल्यावर एकत्र बसून त्या मुळात सुधारा. सेमिस्टर चालू असताना मूळ कोर्सला हात लावू नका. बॅकअपची फाइल सर्व्हरवर ठेवलीत तरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्या.