शब्दचर्चा : ‘एक अष्टमांश’ म्हणजे नेमका केवढा कागद?

पाचपाखाडीकर : आमच्या छोट्या वाचनालयासाठी दोन गोष्टी छापून घ्यायच्या आहेत. पेपरात टाकून घरोघरी वाटायचं एक पत्रक आणि वर्षभराच्या उपक्रमांचं घडीचं एक ब्रोशर. ठाण्यात नौपाडा, वागळे इस्टेट असं फिरून भाव घेतले. पत्रकासाठी एकाने लिहून दिलंय ‘एक अष्टमांश डेमी’, दुसऱ्याने ‘ए५’, तिसऱ्याने नुसतं ‘वन-फोर’. आता तुलना करायची कशी? शिवाय समितीत वेगळाच वाद रंगलाय. ब्रोशर म्हणजे माहितीपत्रक हे मान्य. मग फ्लायरला काय म्हणायचं? हँडबिल, लीफलेट, पॅम्प्लेट हे सगळं एकच का?

कोपरीवाला : पॅम्प्लेटच म्हणा. आमच्या आजीच्या तोंडी त्याचं पापलेट व्हायचं, पण पेपरवाल्याला बरोबर कळायचं.

खिळेजुळारी : आधी मापाचं बोलू, कारण पैसे तिथे अडकतात. अष्टमांश, चतुर्थांश हे अपूर्णांक आहेत. कशाचा अष्टमांश, हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. ताव म्हणजे कापायच्या आधीचा आख्खा कागद. आपल्याकडे डेमीचा ताव १८ × २३ इंच. त्याची आठ पानं पाडली की एकेक पावणेसहा बाय नऊ इंचांचं निघतं. कडा कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ उरतं. मराठी कादंबऱ्यांचा ओळखीचा आकार तो हाच. पण छापखान्यात कागद बऱ्याचदा डबल डेमी येतो, २३ × ३६ इंच. त्या तावाच्या हिशेबात हेच पान एक षोडशांश होतं. म्हणजे पान तेच आणि नावं दोन.

‘वन-फोर’ म्हणजे चतुर्थांश. त्याचा घोळ याहून मोठा. डेमीचा चतुर्थांश कापून साधारण साडेआठ बाय अकरा. क्राउनचा ताव १५ × २० इंच, त्याचा चतुर्थांश कापायच्या आधीच साडेसात बाय दहा. तुमच्या तिसऱ्या मुद्रकाने कुठला ताव धरलाय, ते त्यालाच विचारा.

ही नावं विलायतेतून आली. क्राउनच्या कागदात मुकुटाचं जलचिन्ह (वॉटरमार्क) असायचं, फुलस्केपमध्ये विदूषकाची घुंगरांची टोपी. डेमी म्हणजे फ्रेंचमध्ये अर्धा. टोपी कधीच गेली, पण आपल्याकडे लांब कागद दिसला की तो आजही फुलस्केपच.

रेघोट्या (सीवूड्स) : काकांचं बरोबर आहे, पण आता डिझाइन सगळं ‘ए’ मापात होतं. हे माप १९२२ साली जर्मनीत प्रमाण म्हणून आलं आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय झालं. ए० म्हणजे एक चौरस मीटर कागद. मधोमध कापत गेलं की ए१, ए२ असं खाली उतरतं. ए४ २१० × २९७ मिमी, ए५ १४८ × २१०. खुबी अशी की लांबी-रुंदीचं प्रमाण दर वेळी तेच राहतं, १.४१४. ए४ची जुळणी ७१ टक्क्यांवर आणली की ए५वर चपखल बसते. डेमीत तसं होत नाही. चतुर्थांशाचं पान चौकोनीपणाकडे झुकलेलं, अष्टमांशाचं उभट. त्यामुळे लहान करताना कुठेतरी पट्टा मोकळा सुटतो.

पाचपाखाडीकर, तुमचा अष्टमांश डेमी मिलिमीटरमध्ये १४० × २१६. ए५पेक्षा आठ मिमी अरुंद, सहा मिमी उंच. शेजारी ठेवले नाहीत तर कुणाला कळणारही नाही, पण ए५ची फाइल त्यावर छापली तर बाजूचा फोन नंबर कापला जाऊ शकतो.

पाचपाखाडीकर : मग भावात फरक का पडतो? कागद तर जवळपास तेवढाच.

रेघोट्या (सीवूड्स) : ताव बदलतो म्हणून. २३ × ३६ इंचांच्या तावाचे आठ तुकडे केले तर एकेक साडेअकरा बाय नऊ इंच, म्हणजे २९२ × २२९ मिमी. ए४ला लांबीत २९७ लागतात. पाच मिलिमीटरसाठी अडतं! म्हणून २५ × ३६चा ताव घेतात. त्यात आठ ए४ किंवा सोळा ए५ सुखाने बसतात, चारी बाजूंना तीन-तीन मिमी ब्लीड, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई, धरूनही. ज्याच्याकडे २३ × ३६ पडून आहे तो डेमी स्वस्तात देणार. त्यात फसवणूक काही नाही, फक्त माप वेगळं आहे हे त्याने सांगायला हवं.

शब्दवेडी : आता नावांकडे. नुसतं ‘पत्रक’ मी टाळेन, कारण ‘पक्षाने पत्रक काढलं’ म्हटलं की ते निवेदन होतं. हातात द्यायचा सुटा कागद तो हस्तपत्रक. हँडबिल आणि फ्लायर दोन्ही त्यात येतात. घडी घातलेलं ते घडीपत्रक. पॅम्प्लेट मात्र मुळात लहान पुस्तिका. युनेस्कोच्या व्याख्येत ५ ते ४८ पृष्ठांची. पण ठाण्यात सुट्या कागदालाच पॅम्प्लेट म्हणतात आणि तो वापर आता बदलणार नाही. निविदेत लिहू नका, बोलताना खुशाल वापरा.

खरा सापळा ‘पान’ या शब्दात आहे. आपल्यासाठी पान म्हणजे कागद, आणि त्याची एक बाजूही पानच. ‘चार पानी’ म्हटल्यावर मुद्रक ए३ची एक घडी घालून देईल आणि तुमचे अध्यक्ष चार कागद, आठ बाजू मोजत बसतील. पृष्ठ लिहा.

खिळेजुळारी : शाब्बास. तसंच ‘तीन घडी’चं. लोक भाग मोजतात, घड्या दोनच असतात. ए४चं तीन भागांचं घडीपत्रक करताना आत जाणारा भाग ९७ मिमीचा आणि बाकीचे दोन शंभर-शंभरचे ठेवा. सगळे ९९चे केले तर आतला दुमडताना फुगतो. आणि कागद १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास किंवा वर असेल तर आधी क्रीज मारून, म्हणजे घडीची रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

पाचपाखाडीकर : तर असं लिहितो. ‘हस्तपत्रक : ए५, १४८ × २१० मिमी, दोन्ही बाजू छपाई, २००० प्रती. घडीपत्रक : ए४, दोन घड्या, सहा पृष्ठं, ५०० प्रती.’ चालेल?

खिळेजुळारी : मापापुढे ‘कापून झाल्यावर’ एवढं घाला. कागद किती जीएसएमचा, लेप दिलेला आर्ट की बिनलेपाचा मॅपलिथो, तेही राहिलंय. आणि भाव रीमवर देतो म्हणाला तर नाही म्हणा, प्रतींवरच घ्या. २००० ए५ म्हणजे २५ × ३६चे सव्वाशे ताव आणि वर थोडी नासाडी. ५०० तावांची आख्खी रीम तुम्हाला लागतच नाही.