अनुभव धागा : तमाशातली गवळण रंगते कशी, बिघडते कुठे?

तमाशात गण (गणेशवंदना) झाला की गवळण, मग बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य). मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण-पेंद्या अडवतात, दाण (जकात) मागतात आणि गवळणींबरोबरची मावशी त्यांच्याशी भांडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गवळण केलेल्यांनी आणि बसवलेल्यांनी त्यातलं बारीक तंत्र लिहावं.

मावशीचं काम करणारे :
मावशी पुरुषानंच करायची. नऊवारीचा कासोटा करकचून खोचा, नाहीतर पेंद्याच्या मागं धावताना तो सुटतो. आवाज मात्र बारीक काढू नका. पुरुषी आवाजातच लाजायचं, हशा तिथंच येतो. "कोन गं बया ह्यो आडवा आला?" या प्रश्नावर पेंद्यानं लगेच "मी न्हाई मावशे, तुझं नशीब!" म्हणायला हवं. क्षणभर उशीर झाला तरी वाक्य पडतं. आणि मावशीनं स्वतः कधीच हसायचं नाही.

नाचणाऱ्या :
प्रवेश पाठमोरा असतो. पदर दोन्ही हातांनी डोक्यामागं पसरून धरायचा आणि ढोलकीच्या तोड्यावरच वळायचं. केरव्याच्या आठ मात्रांत चार पावलं बसतात. नव्या मुली पहिल्याच कडव्याला जोर लावतात, मग दुगणीत (दुप्पट लयीत) पायातले चाळ तालाबाहेर वाजू लागतात. कृष्ण आडवा आला की थांबायचं, मान वळवायची, पण अंगाला हात लागू द्यायचा नाही. सगळी गोडी त्या अडवण्यात आहे. धक्काबुक्की झाली की गवळण संपली!

ढोलकी-हलगीवाले :
रात्री दव पडलं की कातडं सैल पडून सूर उतरतो. हलगी जाळाच्या धगीवर फिरवत शेकायची. एकाच जागी धरली तर पान (कातडं) फाटतं. तुणतुण्याची तार ढोलकीशी आधीच जुळवून घ्या, नाहीतर झीलकरी (मागून सूर धरणारे) बेसूर होतात. सवाल-जवाबात वाक्य संपल्यावर एकच थाप द्यायची आणि हशा ओसरेपर्यंत हात आवरायचा. नवशिके वाक्यावरच वाजवतात, मग मागच्या रांगेला विनोद ऐकूच जात नाही.

गावात गवळण बसवणारे :
झडतीचा (गवळणींची मडकी तपासण्याचा) भाग त्या त्या गावचा करा. मडक्यात काय आहे हे विचारून झाल्यावर पेंद्यानं "फॅट किती लागली?" विचारलं की डेअरीला दूध घालणारं गाव खदखदून हसतं. पण गावातल्या खऱ्या जोडप्याचं नाव घेऊ नका, त्यातून भांडणं पेटतात. आणखी एक. रात्री 10 नंतर कर्ण्याला बंदी असल्यानं हल्ली कात्री पहिल्यांदा गवळणीवरच चालते, हे वाईट आहे. वेळ कमीच असेल तर गाण्याची दोन कडवी गाळा, पण मावशी-पेंद्याची झडती पुरी होऊ द्या.