मदत हवी आहे: हंटर सिंड्रोम (शरीरात साखरेच्या लांब साखळ्या साचत जाणारा आनुवंशिक आजार), वय ६, अवघड एअरवे (श्वासमार्ग)

मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो, हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. मान आखूड, जीभ मोठी, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. झोपेत घोरतो, मधेच श्वास अडतो. दोन वर्षांपूर्वीच्या भुलेच्या नोंदीत साध्या लॅरिंगोस्कोपने (स्वरयंत्र बघायचं उपकरण) पहिल्याच प्रयत्नात श्वासनलिकेत ट्यूब गेल्याचं लिहिलं आहे. त्यावर कितपत विसंबावं? नुसत्या आय-जेलवर (घशात स्वरयंत्राच्या वर बसणारं श्वासाचं साधन) भागेल का?

उत्तर १
त्या नोंदीवर अजिबात विसंबू नका. या आजारात ग्लायकोसअमिनोग्लायकॅन (त्याच साखरेच्या साखळ्या) जीभ, टॉन्सिल, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झाकणी) आणि श्वासनलिकेच्या भिंतीत साचतच राहतात. एन्झाइम उपचार चालू असले तरी वयाबरोबर एअरवे बिघडतो.

आय-जेल नीट बसलं तरी अडथळा स्वरयंत्राच्या खाली असेल तर हवा जाणार नाही. म्हणून आधी मान व छातीचा सीटी बघा, इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, हृदयाच्या झडपा बऱ्याचदा खराब असतात.

सेव्होफ्लुरेनने (हुंगायचं भुलेचं औषध) हळूहळू भूल द्या, मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवा. मास्कने हवा जाते याची खात्री होईपर्यंत रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) नको. २ नंबरचं आय-जेल बसवून त्यातूनच २.८ मिमीच्या स्कोपवर (कॅमेऱ्याची लवचिक दुर्बीण) ट्यूब सरकवा. वयाच्या सूत्राने कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ५.० मिमीची ट्यूब येते, इथे ४.५, ४.० आणि ३.५ हाताशी हव्यात. स्वरयंत्रावर २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), ४ मिग्रॅ प्रतिकिलोने एकूण ३.६ मिलीपर्यंतच. नाकातून ट्यूब टाळा. ॲडिनॉइडमधून (नाकामागची गाठ) रक्त आलं की स्कोपमध्ये काही दिसत नाही.

प्रश्नकर्ता
ट्यूब गेल्यावर आय-जेल काढताना ती बाहेर आली तर?

उत्तर १
छोट्या ट्यूबची लांबी अपुरी पडते, त्यामुळे हे होतंच. दुसरी त्याच मापाची ट्यूब मागे जोडून आधार द्या, नाहीतर शस्त्रक्रिया होईपर्यंत आय-जेल तसंच राहू द्या.

उत्तर २
मान सरळच ठेवा, मागे वाकवू नका. मणक्यात मज्जारज्जूवर दाब असू शकतो. कान-नाक-घसा सर्जन रिजिड ब्रॉन्कोस्कोपसह (श्वासनलिकेत घालायची ताठ नळी-दुर्बीण) खोलीतच हवेत, फोनवर नकोत. आखूड मानेत श्वासनलिका खोल असते, ऐन वेळी ट्रॅकिओस्टोमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालणं) फार कठीण जाते.

खरा धोका ट्यूब काढताना. डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) सुरुवातीलाच द्या, कफमधली हवा सोडून ट्यूबच्या बाजूने हवा येते का बघा, मूल पूर्ण जागं झाल्यावरच ट्यूब काढा. ती रात्र आयसीयूत, सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) तयार ठेवून. हवा येत नसेल तर त्या दिवशी ट्यूब काढू नका.