सल्ला हवा : चित्रपुस्तकावरून केलेला सिनेमा, चार वर्षांच्या मुलीला आणि ८१ वर्षांच्या आजींना एकत्र बघता येईल असा

गच्चीवरची_चिमणी

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन आली आहे. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी चार. माझी मुलगी सहा. आणि घरात सासूबाई, वय ८१. त्यांना ऐकू कमी येतं, यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून काढून ठेवतात. इंग्रजी येत नाही.

दुपारी जेवणं झाली की त्या तिन्ही मुलांना घेऊन चित्रांची पुस्तकं उघडतात. मराठी पुस्तकं वाचून दाखवतातच, पण दिरांनी परदेशातून पाठवलेल्या इंग्रजी पुस्तकांवरसुद्धा त्यांचं काही अडत नाही. चित्र बघतात आणि आपल्या मनाने गोष्ट सांगतात. रोज थोडी वेगळी. मुलं हलत नाहीत.

गेल्या रविवारी मी एक गाजलेला कार्टूनपट लावला. सगळे विनोद बोलण्यातले, त्यात धावपळ आणि गोंगाट. सासूबाई वीस मिनिटांत उठून आत गेल्या. "तुम्ही बघा गं, मला काही कळत नाही." मला फार लागलं ते. ज्या बाई पुस्तकावर तासभर मुलांना खिळवून ठेवतात, त्यांना पडद्यासमोर परकं वाटावं?

म्हणून विचारते. मुलांच्या जुन्या, नावाजलेल्या चित्रपुस्तकांवरून केलेला असा कुठला सिनेमा आहे, जो या सगळ्यांना एकत्र बघता येईल? बोलणं कमी असावं, धाकटी घाबरू नये, आणि शक्यतो दीड तासाच्या आत संपावा. भाच्याचा प्रोजेक्टर आहे, गच्चीवर चादर बांधून लावणार आहोत.

प्रतापनगरकर

पॅडिंग्टन, त्या अस्वलाचा सिनेमा. पहिले दोन्ही भाग लावा, विचारच करू नका.

दोन_मुलांची_आई

ताई, पहिला भाग (२०१४) धाकटीसाठी नको. त्यातली बाई अस्वलाला मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवायला निघालेली असते. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही तो बघितला आणि नंतर आठवडाभर तो दिवा लावून झोपला.

दुसरा (२०१७) मात्र सुंदर आहे. त्याची गोष्टच एका पुस्तकाभोवती फिरते. लुसी आत्याच्या शंभराव्या वाढदिवसाला द्यायचं म्हणून पॅडिंग्टनला लंडनचं एक पुस्तक हवं असतं, उघडलं की त्यातल्या इमारती उभ्या राहतात असलं. तो आत्याचा हात धरून त्या कागदी रस्त्यांतून फिरतोय असा एक तुकडा आहे. तेवढा तरी आजींना नक्की दाखवा, त्याला कानांची गरज नाही. बाकी सिनेमा बराच बोलका आहे, आणि शेवटाकडे पॅडिंग्टन पाण्यात अडकतो तिथे धाकटीला मांडीवर घ्या.

शिवाय पॅडिंग्टन मुळात चित्रपुस्तक नव्हे. मायकेल बाँड यांचं १९५८ चं पहिलं पुस्तक प्रकरणांचं आहे, मधूनमधून पेगी फॉर्टनम यांची रेखाचित्रं. त्यामुळे सिनेमाला गोष्ट आयती मिळाली. खरी अडचण चित्रपुस्तकांची होते.

खडूपेटी

शेवटचं वाक्य अगदी बरोबर. मी इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सला शिकले आणि आता मुलांना चित्रकला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं. शब्द मोजके. वाचायला दहा मिनिटं पुरतात, पण मूल एकेका पानावर रेंगाळतं आणि पान उलटायच्या आधी मनात काहीतरी घडवून घेतं. तुमच्या सासूबाई गोष्ट सांगतात ती त्याच जागेत. आता त्याचा दीड तासाचा सिनेमा करायचा तर ती मोकळी जागा कशानेतरी भरावी लागते. म्हणून कुठलाही सिनेमा निवडताना मी एवढंच बघते, की यांनी पुस्तकात भर घातली ती कसली?

मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) घ्या. साडेतीनशेपेक्षाही कमी शब्द. रागावलेला मुलगा, राक्षसांचं बेट, परत आल्यावर गरम जेवण. २००९ च्या सिनेमाने त्यात एकटेपणा भरला. आईवडील वेगळे झालेले, बेटावरचे प्राणीसुद्धा आपसांत दुखावलेले. मला तो मनापासून आवडतो, पण तो मोठ्यांसाठी. एक प्राणी दुसऱ्याचा हात उपटतो. धाकटीला नकोच.

'पोलर एक्स्प्रेस'चं पुस्तक (१९८५) मंद उजेडातलं, शांत. २००४ च्या सिनेमात गाडी बर्फावरून घसरते, मुलं डब्यांच्या टपावर चढतात. माणसांचे चेहरे नटांच्या हालचालींवरून संगणकाने केलेले आहेत आणि डोळ्यांत जीव नाही. भाच्याला आवडेल, आजींना नाही.

'क्युरिअस जॉर्ज' (२००६) विचार करण्यासारखा आहे. रंग सपाट, पुस्तकासारखे, आणि दुष्टपणा अगदी कमी. यात त्यांनी एक बदल केला तो मला पटला. १९४१ च्या पुस्तकात पिवळ्या टोपीवाला माणूस माकडाला पोत्यात घालून आफ्रिकेतून घेऊन जातो. सिनेमात माकड स्वतःच त्याच्या मागोमाग जहाजावर चढतं. आज मुलांना पोतं समजावून सांगणं अवघड आहे. भाच्याला आणखी एक सांगा: हे पुस्तक करणारे रे पतिपत्नी ज्यू होते. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरायच्या बेतात असताना ते दोघं सायकलींवरून शहराबाहेर पडले. सायकली रे यांनी सुट्या भागांतून जोडलेल्या, आणि सामानात या माकडाची चित्रं. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सिनेमाइतकीच आवडते, माझ्या वर्गातला अनुभव आहे.

आता तुमच्या घरासाठी. माझं उत्तर रेमंड ब्रिग्ज यांचा 'द स्नोमॅन'. पुस्तक १९७८ चं, त्यात एकही शब्द नाही. सगळी चित्रं रंगीत पेन्सिलींची, बाहेरून काळी रेघ नाही, त्यामुळे पानावर खरोखर धुकं पसरल्यासारखं वाटतं. १९८२ चा सिनेमा २६ मिनिटांचा, आणि त्यातही संवाद नाहीत. संगीत आहे आणि मध्ये एकच गाणं. चित्रांचा तो पेन्सिलीचा खरखरीत पोत त्यांनी पडद्यावरही सांभाळला. भर घातली ती उत्तर ध्रुवावरच्या बर्फमाणसांच्या जत्रेची आणि सांताक्लॉजची. पुस्तकात सांता नाही. पण ही भर चित्रांतूनच बोलते. सासूबाई आणि धाकटी तिथे बरोबरीच्या होतील. उलट सासूबाईच पुढे असतील.

दुसरा 'अर्नेस्ट आणि सेलेस्टीन' (२०१२), फ्रेंच, ८० मिनिटांच्या आसपास. बेल्जियमच्या गॅब्रिएल व्हिन्सेंट यांच्या पुस्तकांवरून. अस्वल वर राहतात, उंदीर खाली जमिनीत, आणि दोघांना लहानपणापासून एकमेकांची भीती घातलेली. पुस्तकं घरगुती, पावसातल्या सहलींची, जुन्या कोटांची. सिनेमाने त्यात दातांची गोष्ट घातली: उंदरांचे दात सारखे झिजतात, म्हणून ते अस्वलांच्या पिल्लांचे पडलेले दात गोळा करतात. फ्रान्समध्ये मुलांचा पडलेला दात उंदीर घेऊन जातो असं सांगतात, आपल्यासारखंच. जलरंग असे, की कडेला कागद कोरा सोडलेला आहे. यात बोलणं आहे, तेवढं तुम्हाला सांगत बसावं लागेल.

दोन_मुलांची_आई

स्नोमॅनबद्दल आधी सांगायला हवं. शेवटी तो वितळतो. मुलगा सकाळी धावत बाहेर येतो तर नुसती टोपी आणि मफलर उरलेला. माझा मुलगा हुंदके देऊन रडला होता. घरात इतकी वयस्कर आजी असताना हे दाखवावं का, मला तरी धाकधूक वाटते.

खडूपेटी

तुमची काळजी कळते. पण तो शेवट ब्रिग्जच्या पुस्तकातच आहे, आणि तो बदलला असता तर माझ्या मते काहीच उरलं नसतं. बडोद्याच्या मुलांनी बर्फ पडताना पाहिलेला नाही, पण वितळताना रोज पाहिलाय. ४२ अंशांत बर्फाचा गोळा घरी पोचेपर्यंत नुसती काडी आणि लाल हात उरतात. त्यांना हे कळतं. फक्त सिनेमा संपल्या संपल्या उठून दिवे लावू नका. बसू द्या थोडं.

निवृत्त_गुरुजी

सिनेमाच्या आधी दोन दिवस पुस्तक हातात द्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. आणि ते आजींनी दाखवावं. मग पडद्यावर जे येईल ते मुलांना आजींच्या गोष्टीचंच पुढचं पान वाटेल.

पुस्तक आणि पडदा ही जोडी बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयं उभारली, तेव्हा त्या खात्यात गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या, मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे दिव्याच्या उजेडात पडद्यावर चित्र पाडायच्या, काचा होत्या आणि चलचित्रं दाखवायची सोयसुद्धा होती. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जग दिसावं, हा विचार. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना एकदा घेऊन जा. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, खालचा उजेड वर येतो. तुमच्या भाच्याला सिनेमापेक्षा तेच जास्त आठवेल कदाचित.

आणखी एक, 'ग्रफेलो'. ज्युलिया डोनाल्डसन यांचं १९९९ चं पुस्तक, चित्रं अ‍ॅक्सेल शेफलर यांची, २००९ चा सिनेमा २७ मिनिटांचा. जंगलातला लहानसा उंदीर ग्रफेलो नावाच्या राक्षसाच्या थापा मारून सगळ्यांना पळवतो. मूळ कल्पना एका चिनी लोककथेतली, वाघाच्या जोरावर मिरवणाऱ्या कोल्ह्याची. आपल्या पंचतंत्रातल्या सशाची ती चुलत भावंडं. इंग्रजी यमकं आहेत, पण आवाज बंद करून आजींनी मराठीत सांगितला तरी काही बिघडणार नाही.

प्रतापनगरकर

माझी सूचना घाईची होती, मान्य. भाच्यासाठी मराठीतला 'चिंटू' (२०१२) सुचवतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेवरून श्रीरंग गोडबोले यांनी केलेला. चित्रपुस्तक नाही, पण चित्रांतून आलेला आहे, आणि सासूबाईंनी ती चित्रं वर्तमानपत्रात पाहिलेली असतील.

गच्चीवरची_चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आणि रविवारी रात्री सिनेमे झाले, तेव्हा सविस्तर सांगते.

गुरुजींनी सांगितलं तसं गुरुवारी स्नोमॅनचं पुस्तक काढलं. दिरांच्या गठ्ठ्यातच निघालं, तळाशी होतं. शब्द नाहीत म्हणून मी आजवर बाजूला ठेवलं होतं. सासूबाईंनी दोन दुपारी तेच दाखवलं. बर्फमाणसाचं नाव त्यांनी गोपाळ ठेवलं.

शनिवारी नऊ वाजता गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या. सिनेमा सुरू झाला आणि धाकटी ओरडली, "आजी, गोपाळ!" पुढची २६ मिनिटं सासूबाई बोलत होत्या. मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. "आता बघ हं, तो फ्रिज उघडेल." मुलं पडद्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती. सांताक्लॉज आला तेव्हा मात्र त्या थांबल्या. "हा आपल्या पुस्तकात नव्हता." खडूपेटीताई, तुमचंच वाक्य.

शेवट आला. माझी मुलगी रडली, भाचा तोंड फिरवून बसला. धाकटी रडली नाही. "कुठे गेला?" एवढंच विचारत राहिली. आम्ही दिवा लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "उद्या दाखवते."

सकाळी त्यांनी फ्रिजरमधला बर्फाचा तुकडा वाटीत घेतला, दोन मिरे डोळ्यांना लावले आणि दोघी ओसरीवर जाऊन बसल्या. पाऊण तास. पाणी झाल्यावर ते तुळशीला घातलं. दोन_मुलांची_आई, तुमची भीती मलाही होती, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. वयस्कर आजी घरात होत्या म्हणूनच हे नीट झालं.

रविवारी अर्नेस्ट आणि सेलेस्टीन. धाकटी गुजराती बालवाडीत जाते, तिच्यासाठी ते 'रींछ अने उंदरडी'. मी खाली बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते, पण अर्ध्या वेळेला सासूबाईंना आधीच कळलेलं असायचं. दातांच्या प्रसंगाला त्या एकदम सरसावून बसल्या. त्यांच्या लहानपणी पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचे आणि त्याच्यासारखा बारीक, पांढरा मागायचे. माझ्या मुलीचा पुढचा दात गेले आठ दिवस हलतोय. तिने पिशवीत ठेवायला एक डबी शोधून ठेवली आहे. शेवटच्या कोर्टाच्या प्रसंगात धाकटी झोपली, भाच्याने मात्र पूर्ण बघितला आणि विचारलं, की उंदरांना अस्वलांबद्दल खोटं कोणी सांगितलं होतं. त्यावर आम्ही सगळेच बराच वेळ बोलत बसलो.

लायब्ररी बुधवारी. जॉर्ज आणि ग्रफेलो पुढच्या आठवड्यात.

प्रतापनगरकर

ताई, ते शब्द नसलेलं पुस्तक चार दिवस मिळेल का? माझ्या आईला दाखवायचं आहे. ती हल्ली फारसं बोलत नाही.

गच्चीवरची_चिमणी

नक्की या. मी तुम्हाला निरोप पाठवते. मधलं एक पान सुटलंय, चिकटपट्टी लावली आहे, ते उलटताना जरा जपून.