ऑफव्हाइट घरासाठी कोऱ्या सुताचे पडदे केले, पहिल्याच धुण्यात चार इंच आटले

मेहरूणकाठ
नमस्कार मंडळी, जळगावला नवीन फ्लॅट घेतलाय, भिंती ऑफव्हाइट, फरशी पण फिकट, आणि पॉलिस्टर घरात नकोच असं आधीच ठरवलं होतं कारण मे महिन्यात 45 डिग्रीला सिंथेटिक चादरीवर झोपून बघितलंय, पाठ नुसती चिकटते. म्हणून हौसेने बिनब्लीचचं जाडसर सुती कापड आणलं, सरकीचे बारीक काळपट ठिपके दिसतात ना मधेमधे, तसलं. सात फुटी पडदे शिवले. परवा मशीनला गरम पाण्यात नेहमीच्या पावडरीने धुतले तर चार इंच आखूड झाले, आणि वरून निळसर पांढरे चट्टे. शिंपी म्हणतो कापड वाईट, दुकानदार म्हणतो शिलाई वाईट. खूप वाईट वाटलं हो, रंग इतका सुंदर होता. काय करू? अजून बेडशीट, सोफ्याचे कव्हर आणि ज्यूटची चटई घ्यायचीय. पाणी बोरचं आहे.

अमळनेरकर
ताई, कापडही वाईट नाही आणि शिंपीही नाही, कोरं कापड आटणारच. माझे वडील आमच्या प्रताप मिलमध्ये मागावर होते, ते सांगायचे की विणताना ताणा म्हणजे लांबीचे दोरे कसून ओढलेले असतात, बाण्यावर म्हणजे आडव्या दोऱ्यांवर तेवढा ताण नसतो, म्हणून पाण्यात पडलं की सूत आपल्या जागेवर येतं आणि लांबी जास्त आटते, रुंदी कमी. आमच्या घरी मांजरपाट आणला की आई आधी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी पाणी गढूळ पिवळं झालेलं असायचं, ती सगळी खळ. मग न पिळता सावलीत दोरीवर, आणि त्यानंतरच कात्री. कापड घेतानाच दहा टक्के जास्त घ्यायचं. तुमच्या पडद्याची खालची दुमड उसवून बघा, दोन-अडीच इंच तिथेच निघतील, बाकी त्याच रंगाची पट्टी जोडा.
चट्टे पावडरीमुळे. पांढऱ्या कपड्यांना चमक यावी म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते कोऱ्या सुताला चिकटतं, आणि पावडर नीट विरघळली नसेल तर डाग डाग दिसतात. धूत आणि वापरत गेलं की हळूहळू फिकट होतील. नीळ तर चुकूनही टाकू नका, आणि ब्लीचने डाग काढायला तर मुळीच जाऊ नका, कापडाचा मूळ रंगच जाईल.

भुसावळची मावशी
बोरच्या पाण्याचं मी सांगते, आमच्याकडेही तेच. जड पाण्यात साबण नीट फेसत नाही, त्याची साय कापडात बसते आणि सहा महिन्यांत ऑफव्हाइटचं राखाडी होतं. साबणाची वडी सोड, लिक्विड घे, तेही चमक न देणारं, आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर टाक, वास राहत नाही. धुण्याआधी पडदे गच्चीत कोरडेच झटक, कारण आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ओली झाली की चिखल होऊन धाग्यात शिरते, मग जात नाही. हे मी दहा वर्षं चुकीचं करत होते.
ज्यूट भिजवायचं नसतं, पाण्याने पिवळे डाग पडतात आणि दोरा कमजोर होतो. कोरड्या ब्रशने झाड, पावसाळ्यात गुंडाळून माळ्यावर.
आणि दुकानात "प्युअर कॉटन" म्हटलं की दोन दोरे मागून घे आणि घरी येऊन काडी लाव. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो.

यावलचा केळीवाला
वहिनी, घरात केळीच्या बागेतून येणारं कोणी असेल तर सोफ्याचे कव्हर फिकट नको. चिकाचा डाग वाळला की तपकिरी काळा होतो आणि कापड फाटेपर्यंत राहतो, आमच्या अर्ध्या चादरी तशाच आहेत. आम्ही बैठकीत मातकट रंगाची जाड खादी घातलीय. आमच्या भागाला खादीचं काही नवीन नाही, 1936 ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. खादी धुवून धुवून मऊ होत जाते, पहिले दोन महिने टोचली म्हणून टाकून देऊ नका. कापूस आपलाच शे.

मेहरूणकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार. दुमड उसवली, खरंच अडीच इंच निघाले, उरलेल्या दीड इंचाला गडद मातकट पट्टी लावायला शिंप्याकडे दिलंय. आणि मावशी, नवीन बेडशीटच्या कडेचा दोरा काढून काडी लावली, मणी झाला! दुकानदाराला तो मणी दाखवला, त्याने काही न बोलता बदलून दिली. नवीन आणलेली कोरी चादर आत्ता बादलीत भिजतेय, पाणी आत्ताच चहासारखं दिसायला लागलंय.