जेगी म्हणजे भांडी की उपकरणी?

प्रश्न

कोरियन घरांतल्या पितरांच्या विधीवर, म्हणजे ‘जेसा’वर, एका मजकुराचं भाषांतर करते आहे. पहिल्याच पानावर ‘जेगी’पाशी अडले. जे म्हणजे पितृविधी, गी म्हणजे पात्र. पण ‘भांडी’ लिहिलं की डोळ्यांपुढे मोरी येते, आणि ‘पूजासाहित्य’ म्हटलं तर त्यात फुलं-उदबत्तीही आली. दुसरं असं, की ‘सिन्जु’ला, म्हणजे पितराचं नाव लिहिलेल्या लाकडी पाटीला, ‘टाक’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर

‘उपकरणी’ घ्या. आमच्याकडे “सणाच्या आदल्या दिवशी उपकरणी घासून ठेव” असंच म्हणत. ताम्हण, पळी, पंचपात्री यांत रोजच्या स्वयंपाकाचं भांडं कधी मिसळलं नाही. जेगीचंही तेच. बुडाला उंच बैठक असते, वापर फक्त विधीपुरता, एरवी वेगळी ठेवलेली. लाकडाची, चिनी मातीची किंवा ‘युगी’ची असते.

या युगीला मात्र पितळ म्हणू नका, ही चूक फार जागी दिसते. ठोकून घडवलेल्या ‘बांग्जा युगी’त ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. पितळेत जस्त असतं. म्हणजे हे आपलं कासं, तळपायाला तूप लावून घासायची वाटी असते त्याच जातीचं. आन्सोंग गाव या कामासाठी इतकं नावाजलेलं, की तिथून बेतून करवून घेतलेलं ते ‘आन्सोंग-मात्चुम’, आणि आज त्याचा अर्थ ‘अगदी चपखल’. दुसऱ्या महायुद्धात जपानी राजवटीनं युद्धासाठी घरोघरची धातूची भांडी उचलून नेली, त्यांत या जेगीही गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची उपकरणी अशी जावी, हे वाचताना फार लागतं.

(पायानं उडवायच्या खेळण्यालाही ‘जेगी’च म्हणतात. तो शब्द वेगळा, गोंधळू नका.)

उत्तर

टाक नको. टाकावर प्रतिमा उठवलेली असते, सिन्जुवर फक्त अक्षरं. ‘नामपाटी’ म्हणावं तर दारावरची वाटते, म्हणून मी ‘पितृपाटी’ लिहीन. ती चेस्टनटच्या लाकडाची करतात. रोपाचं झाड झालं तरी मूळ बी मुळाशी टिकून राहतं, अशी समजूत आहे. वंशाच्या पाटीला याहून योग्य लाकूड कुठलं!

ज्या घरी पाटी नाही तिथे ‘जिबांग’: दर वेळी कागदावर लिहायचं, विधी झाला की जाळायचं. त्यावर वडिलांसाठी लिहितात, ‘ह्योन्गो हाक्सेंग बुगुन सिन्वी’. यातला ‘हाक्सेंग’ जपून हाताळा. आजच्या कोरियनमध्ये तो शाळकरी विद्यार्थी. जोसन या जुन्या कोरियन राजवटीच्या काळच्या रिवाजात सरकारी पद न मिळालेला माणूस मेल्यावर ‘हाक्सेंग’. नव्वदीत गेलेला शेतकरीही कागदावर विद्यार्थीच. ‘कै.’ लावून हा शब्द गाळला, तर ओळीतलं सगळ्यांत हृद्य तेच जातं. मी ‘अध्ययनी’ ठेवीन.

प्रश्नकर्ती

‘अध्ययनी’ फार आवडला. आणखी एक. ‘मोसागी’त वाळू आणि गवताची जुडी असते. श्राद्धातला दर्भाचा ‘चट’ आठवला. वापरू?

उत्तर

नको. चट ब्राह्मणाच्या जागी बसतो. इथलं गवत कुणाच्या जागी नाही, त्यावर मद्य ओततात. धुपाचा धूर वर जाऊन ‘होन’ला बोलावतो, मद्य खाली मुरून जमिनीतल्या ‘बेक’ला. माणसाचे हे दोन अंश दोन दिशांनी आणायचे, म्हणून हे पात्र. मो म्हणजे गवत, सा म्हणजे वाळू. एकदा फोड करून सांगा आणि पुढे ‘मोसागी’च लिहा.

प्रश्नकर्ती

ठरलं. समूहाला ‘उपकरणी’. एकट्या थाळीचा उल्लेख आला तर ‘जेगीतली थाळी’ असं लिहीन.