खडीपासून रेडिएटर वाचवायला बंपरमागे जाळी: हवी की नको?

घाटमाथा
हल्लीच्या गाड्यांच्या बंपरचं खालचं तोंड इतकं मोठं आणि उघडं असतं, की समोर वाकून बघितलं तर आतली ॲल्युमिनियमची फिन्स (उष्णता बाहेर सोडणारी पातळ पाती) सरळ नजरेस पडतात. रस्त्यावरून उडालेल्या खडीला तिथपर्यंत पोचायला काहीच आडकाठी नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ज्याची गाडी शहराबाहेर पडते त्याने या तोंडामागे स्टेनलेस स्टीलची जाळी बसवून घ्यावी. खरं तर ती कंपनीनेच द्यायला हवी.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू होऊन दशक उलटलं. मधल्या डायव्हर्जनवर, पुलांच्या तोंडाशी आणि पॅच मारलेल्या भागात सुटी खडी पडलेली असतेच. पावसाळा संपला की घाटांतही तेच. हिशोब करून बघा: २० ग्रॅमचा खडा ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने आदळला तर जवळपास ८ ज्यूलचा फटका बसतो. एक किलोचं वजन पाऊण मीटरवरून सोडल्यासारखं आहे ते, आणि सगळा जोर खड्याच्या एका टोकावर. पातळ ॲल्युमिनियमच्या नळीने हे का सोसावं? जाळी काही शेकड्यांत होते. फुटलेला कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारा भाग) किंवा रेडिएटर बदलायचा तर साध्या छोट्या गाडीतही हजारोंत जातं.

वऱ्हाडी_चाक
माझा ठाम विरोध. तुम्ही कोकणातली खडी बघता, मी अमरावती-अकोल्याचा मे महिना बघतो. बाहेर ४५ अंश, खालून डांबराची वाफ, गाडीत पाच माणसं, एसी पूर्ण. अशा वेळी रेडिएटरला मिळणारी हवा थोडीही अडवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. गाडी बनवणाऱ्याने ग्रिलचं तोंड, पंखा आणि रेडिएटर यांचा मेळ घालून चाचण्या केलेल्या असतात. त्यात आपण मधे एक पडदा टांगायचा आणि वर म्हणायचं, काही फरक पडत नाही?

खडा लागला तर लागेल. हवा मात्र रोज अडणार, दर किलोमीटरला. शिवाय गाडी तापली आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं तर जो खर्च येतो, त्यापुढे तुमच्या कंडेन्सरचं बिल काहीच नाही.

शीतयंत्र
गाड्यांच्या एसीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोघेही रेडिएटर रेडिएटर म्हणताय, पण खड्याचा पहिला मार रेडिएटरवर बसतच नाही. एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत सगळ्यात पुढे कंडेन्सर असतो, मग थोडी मोकळी जागा आणि तिच्यामागे रेडिएटर. रेडिएटरमधल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, दाब साधारण एक बार (बार हे दाबाचं एकक). कंडेन्सरमधल्या गॅसचा दाब उन्हाळ्यात सहज बारा-पंधरा बारच्या घरात. त्यामुळे कंडेन्सरच्या चपट्या नळीला केसाएवढी चीर गेली तरी गॅस राहत नाही. गाडी चालत राहते, फक्त एसी गार करत नाही. गिऱ्हाईक वाट बघतं, नुसता गॅस भरून घेतं, महिन्याभरात पुन्हा येतं.

घरी तपासायचं असेल तर टॉर्च घ्या आणि खालच्या तोंडातून कंडेन्सर बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून बसते. नुसती फिन्स वाकली असतील तर घाबरू नका, ती गळती नव्हे. फिन सरळ करायची फणी मिळते. मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरचं पाणी जवळून आणि तिरकं मारू देऊ नका. मी बघितलेल्या वाकलेल्या फिन्सपैकी अर्धी खड्याने वाकलेली नव्हती, पाण्याच्या माऱ्याने वाकलेली होती.

आता जाळीविषयी. एक मिलिमीटर तार आणि सहा मिलिमीटरचं छिद्र घेतलं तर जाळीचा सुमारे ७३ टक्के भाग मोकळा राहतो. याचा अर्थ हवा २७ टक्के कमी होते असा लावू नका. हवेला खरा अडथळा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या दाट फिन्सचा असतो, त्यापुढे एका पदराच्या जाळीचा अडथळा लहान. पण लोक खिडकीची मच्छरजाळी कापून लावतात ना, ती मात्र सरळ काढून टाका. तिची छिद्रं चिखलाच्या एका शिंतोड्याने बुजतात. आणि जाळी कंडेन्सरला टेकवून केबल टायने बांधायची तर मुळीच नाही. गाडीच्या थरथरीने तार नळीवर घासत राहते आणि ज्या भोकापासून वाचायचं तेच ती पाडते. दोघांत निदान दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे खडा लागून जाळी आत दबली तरी फिन्सपर्यंत जाणार नाही.

सावकाश_चला
मूळ प्रश्न खडी उडवणाऱ्याचा आहे. खडीचा डंपर ताडपत्री न बांधता काठोकाठ भरून निघतो, त्याला कोणी अडवत नाही, आणि आपण आपल्याच गाडीला जाळ्या बांधत बसायचं? दुसरं म्हणजे वेग. १०० वरून ७० वर आलात तर त्याच खड्याचा फटका निम्म्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. अंतर ठेवा, वेग कमी करा. एक पैसा लागत नाही.

घाटमाथा
ताडपत्रीच्या मुद्द्यावर शंभर टक्के तुमच्यासोबत. त्याची तक्रार करायलाच हवी. पण कशेडी किंवा आंबेनळी घाटाच्या दुपदरी रस्त्यावर खडी फक्त पुढच्या गाडीकडून येत नाही. समोरून येणारी बस शेजारून जाताना तिच्या चाकाखालून उडालेला खडा तुमच्याकडे दोन्ही वेगांची बेरीज घेऊन येऊ शकतो. तिथे अंतर ठेवणार कुठून?

वऱ्हाडी_चाक, तुमच्याकडे उन्हाळा कडक आहे, हे मान्य. पण कंपनीचं गणित शेवटचा शब्द असतं तर एकाच मॉडेलच्या वरच्या तोंडाला बारीक मधमाशीच्या पोळ्याचं ग्रिल आणि खालचं तोंड सताड उघडं असं का असतं? वरचं ग्रिल दिसतं, म्हणून त्यावर खर्च होतो. खालच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. ग्राहकाने विचारलं नाही तर पुढेही हेच चालणार, आणि याचाच मला राग आहे.

ऊसपट्टा
आमच्याकडे खडीपेक्षा पाचट जास्त. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागून गेलं की उसाची पानं, धूळ, मळीचा चिखल सगळं बंपरमधून आत. जाळी असेल तर हे सगळं जाळीवर अडतं आणि हाताने ओढून काढता येतं. नसेल तर बारीक चुरा कंडेन्सरमधून पलीकडे जातो आणि कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत साठतो. तिथे हात जात नाही, पाणी जात नाही, पुढचा भाग उघडावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे गाडी विनाकारण तापत असेल तर आधी ती फट बघा.

माझं मत जाळीच्या बाजूने, पण आठवड्याला साफ करायची तयारी असेल तरच.

वऱ्हाडी_चाक
ऊसपट्टा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात! "साफ करायची तयारी असेल तरच." किती जण दर आठवड्याला बंपरखाली वाकतील? बहुतेक लोक बॉनेट फक्त सर्व्हिसिंगला उघडतात. आमच्याकडे कापसाचा हंगाम आला की रस्त्याकडेला रुई उडत असते. ती ओल्या जाळीवर बसली की नमद्यागत थर धरते. वेगात असताना वाऱ्याच्या जोरावर निभावून जाईल, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागे चढताना गाडी फक्त पंख्याच्या ओढीवर जगते. तिथे बुजलेली जाळी नडणार. तुमची जाळी ज्या घाटासाठी आहे, त्याच घाटात ती सगळ्यात जास्त त्रास देणार, हे घाटमाथा यांनी लक्षात घ्यावं.

पॉलिसी_पान
एवढी चर्चा कशाला? सर्वसमावेशक विमा असेल तर खड्याने फुटलेला रेडिएटर अपघाती नुकसानात धरला जातो. दावा करा, मोकळे व्हा.

घाटमाथा
दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं दावा न करता तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असेल तर पुढच्या हप्त्यात बसणारा फटका दुरुस्तीच्या बिलाएवढा होऊ शकतो. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपल्या खिशातून, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा. आणि कूलंट गळतंय हे कळूनही गाडी पुढे हाकली नि इंजिन गेलं, तर ते नुकसान विम्यात बसत नाही म्हणून नाकारलं जातं. विमा अपघातानंतर कामाला येतो. माझं बोलणं त्याआधीचं आहे.

रडार_लेन
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. पुढच्या गाडीचं अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत रडार बहुधा ग्रिलमध्ये, लोगोमागे किंवा खालच्या तोंडातच बसवलेला असतो. त्याच्यासमोर धातूची जाळी आली तर लहरी अडतात आणि यंत्रणा बंद पडते किंवा चुकीचं वाचते. अशा गाडीत त्या जागी जाळी लावूच नका, आजूबाजूला लावायची तरी माहितगाराला विचारून.

आणि जाळीच्या नावाखाली कोणी लोखंडी बुलगार्ड (बंपरपुढे लावायचा दांड्यांचा कठडा) गळ्यात मारेल, तर नाही म्हणा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्याला मार जास्त बसतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं कामही बिघडू शकतं. बंपरच्या आत बसणारी हलकी जाळी ही वेगळी गोष्ट.

शीतयंत्र
जाळी लावा वा न लावा, हे मात्र वाचून ठेवा. खडा जोरात लागल्याचा आवाज आला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून गाडीखाली बघा. हिरवा, गुलाबी किंवा निळा ओघळ म्हणजे कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असतं. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. ज्यांत काटा आहे त्यांनीही त्याच्यावर विसंबू नये: कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. हीटर गरम हवा द्यायचा थांबला तरी समजा की आत कूलंट उरलेलं नाही.

गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. जुन्या पितळी रेडिएटरच्या काळात ड्रायव्हर हळद टाकून गावापर्यंत यायचे, मग मिस्त्री डाख लावून द्यायचा. आजच्या ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये तो गाळ बसला की सगळंच बदलायची वेळ येते.

वऱ्हाडी_चाक
शीतयंत्र यांच्या सहा मिलिमीटरच्या आकड्यावर मी थोडा मागे सरकतो. थोडाच. चौकटीवर ताणलेली, खालून चार क्लिपांनी निघणारी जाळी असेल, तर पावसाळ्यानंतर लावून फेब्रुवारीअखेर काढायला माझी हरकत नाही. मार्च ते जून विदर्भात नको म्हणजे नको. आणि बाराही महिने कायमची स्क्रूने बसवलेली जाळी कुठेच नको.

घाटमाथा
निघणारी जाळी चांगलीच, चौकट करून घेताना मीही तेच सांगेन. पण कोकणात उन्हाळा म्हणजे सुट्टीची गर्दी, आणि पावसाआधी काम उरकायची घाई मे महिन्यातच असते, म्हणजे रस्त्यावर नवी खडी तेव्हाच. माझ्या भागात जाळी मेमध्ये उतरवणार नाही. तुमच्या भागात तुम्ही उतरवा.

ऊसपट्टा
क्लिपा प्लास्टिकच्या घेऊ नका, उन्हाने ठिसूळ होतात आणि खड्ड्यात जाळी सुटून चाकाखाली येते. स्टीलच्या घ्या, आणि जाळीच्या कापलेल्या कडांना रबरी पट्टी लावा, नाहीतर साफ करताना हात कापतो.